पाठीवर निजवलेली पिल्लं

मोठी आया काही अंगापिंडाने मोठी नव्हती. बाळंतिणींच्या दवाखान्यातल्या उंच टेबलाशी उभं राहायचं तर तिला पायाखाली लाकडी खोकं घ्यावं लागे, एवढी ती बुटकी. पण एके काळी तिथे दोन आया होत्या, दुसरी हिच्याहून लहान, म्हणून ही मोठी झाली. ती धाकटी पुढे नोकरी सोडून गेली, डॉक्टर बदलले, भिंतींचे रंग बदलले, पण मोठी आया मोठीच राहिली. तिचं खरं नाव विचारलं तर अर्धा दवाखाना एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसला असता.

तिची ख्याती होती हाताची. दिवस भरायच्या आधीच जगात आलेलं, मुठीएवढं, रडायचंही त्राण नसलेलं मूल आलं की डॉक्टर मान हलवायचे आणि म्हणायचे, "मोठ्या आयांकडे द्या." मग ही त्याला कापसात गुंडाळायची, डाव्या हातावर उताणं घ्यायची, मान आपल्या कोपराच्या खळग्यात, डोकं जरासं वर. उजव्या हातात दुधात भिजवलेली कापसाची वात. ती ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि वाट बघायची. थेंब. मग दुसरा थेंब. आईबाप दाराशी जीव मुठीत धरून उभे, आणि ही जणू मटार सोलत बसली आहे इतकी निवांत.

नव्या आया शिकायला आल्या की त्यांना सांगायची, "बायांनो, एकच ध्यानात ठेवा. आभाळाकडे तोंड करून पितं ते माणसाचं पोर. पालथं पितं ते जनावर. आपल्याला माणसं वाढवायचीत." यावर सगळ्या हसायच्या. दर नव्या आयेला हा विनोद ती नव्याने ऐकवायची, आणि दर वेळी स्वतः सगळ्यांत आधी हसायची.

एकदा तिने गाड्या सुटलेल्या असताना चौक ओलांडला आणि पोलिसाने अडवलं. चांगला मिशीवाला, धिप्पाड गडी. आवाज चढवून म्हणाला, "आजी, डोळे आहेत का नाहीत?" हिने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, कानाकडे पाहिलं. डाव्या कानाची पाळी मुडपलेली. म्हणाली, "तूच ना रे तो? दूध नाकातून काढणारा? तुझी आई रडून रडून अर्धी झाली होती, आणि तू माझ्या अंगावर खुशाल शी करून मोकळा!" सगळा चौक ऐकत होता. त्या बिचाऱ्याने शिट्टी फुंकून चारी बाजूंच्या गाड्या थांबवल्या आणि हिला हाताला धरून पलीकडे पोचवलं, ती कौतुकाने की गप्प करायला, देव जाणे.

असा सगळा थाट. पण दवाखाना सुटला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि ती मुलाकडे राहायला आली.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. मधल्या मजल्यावर अडकलेल्या लोकांना सोडवणं हा त्याचा धंदा. घरी मात्र आई आणि बायको यांच्या मधल्या मजल्यावर तो स्वतःच अडकलेला असे आणि त्याला सोडवायला कोणी येत नसे. सून चष्म्याच्या दुकानात कामाला. बोलायला मऊ, पण नजर अशी की गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याचा नंबर ओळखेल. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि कपडे वाळत घालायला एक अरुंद गॅलरी. तिथे जुने खोके, एक कोरफडीची कुंडी आणि समोरच्या झाडाची वाकून आत आलेली फांदी.

सुनेला दिवस गेले तेव्हा म्हातारीला आकाश ठेंगणं झालं. आयुष्यभर लोकांची पोरं हातावर घेतली, आता घरचं येणार. आणि नात आलीसुद्धा कशी, तर दिवस भरायच्या आधी, मुठीएवढी. जणू मुद्दाम आजीच्या हातासाठीच. पण तो दवाखाना मोठा, काचेच्या पेट्यांचा. आजीने काचेतून बघायचं. पोर घरी आली तीही नियमांची पुरचुंडी घेऊन. हात धुवा, पापा घेऊ नका, तोंडात काही घालू नका, आणि बाळाला जितके कमी हात लागतील तितकं बरं.

हे नियम म्हातारीने मुकाट्याने गिळले असते. तिनेही दवाखान्यात लोकांना असेच नियम लावले होते. तिला लागलं ते दुसरंच. सून बाळ तिच्याकडे द्यायची, नाही असं नाही. पण आधी म्हणायची, "आई, तुम्ही नीट बसा." मग मांडीवर उशी, दोन्ही बाजूंना उशा, आणि मग बाळ. लहान भावंडाला बाळ देतात तसं. आणि देऊन झाल्यावर स्वतःचे हात काढून घ्यायचीच नाही, बाळाखाली ठेवून उभी राहायची.

कारण दोघींनाही ठाऊक होतं. म्हातारीचा उजवा हात कापत होता. फार नाही, कपाच्या कानाला धरलं की बशीत कप वाजेल इतका. म्हणून ती हल्ली चहा पेल्यात घ्यायची, दोन्ही हातांनी. हिवाळा नसतानाही दवाखान्यातला जुना करडा स्वेटर घालायची आणि रिकामे हात त्याच्या खिशात ठेवायची. पण लोकांच्या नजरेवरच जिचं पोट चालतं त्या सुनेपासून लपवणार काय? सुनेने कधी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं!

तर अशात एके सकाळी मुलगा बाळाचे कपडे वाळवायला जागा करावी म्हणून गॅलरीतले खोके उपसायला लागला. तळाचा खोका ओढला तर त्यातून काहीतरी करडं सुसाट निघालं, त्याच्या खांद्यावरून उडी मारून फांदीवर गेलं. खोक्यात जुन्या गादीचा कापूस, सुतळीचे धागे, बाळाचा हरवलेला एक मोजा, आणि त्या सगळ्यात तीन पिल्लं. खारीची. गुलाबी, उघडीबोडकी, डोळे न उघडलेली, बोटाएवढी.

"आई, बघ गं!"

म्हातारी आली. पाहिलं मात्र, आणि तिच्या तोंडावरची मागच्या कित्येक महिन्यांची राख उडाली.

"त्यांची आई पळाली," मुलगा म्हणाला. "खोका होता तिथेच ठेवून देऊ का? येईल ती परत."

"परत कशाला येतेय? माणसाचा हात लागला. टाकून गेली ती."

"पण ती बघ, फांदीवर बसून ओरडतेय."

खरंच ओरडत होती. शेपटी झटकत, चिक् चिक् चिक्, थांबायचं नाव नाही. म्हातारीने एकदाच वर पाहिलं. "मांजर दिसलं असेल तिला. आण इकडे. या वयाचं मूल कळतं मला, तासभर थंडीत राहिलं की गेलं." आणि खोका आत घेऊन तिने गॅलरीचं दार लावून घेतलं. आतून खिटीसुद्धा घातली.

मग घरात काय लगबग! बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा झाला. त्यात कापूस, कापसाखाली गरम पाण्याची पिशवी, वर मऊ फडकं. गाईचं दूध, पाणी घालून पातळ केलेलं, कोमट, मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं. वात वळली. पहिलं पिल्लू उचललं, डाव्या तळव्यावर उताणं निजवलं, बोटाने मान जरा वर, आणि वात ओठाच्या कोपऱ्याला.

पिल्लू चोखायला लागलं.

आणि म्हातारीच्या ध्यानात आलं की उजवा हात कापत नाहीय. तिने वात काढली, परत लावली. नाहीच कापत. दगडासारखा स्थिर. तिने मान वर केली तर दारात सून उभी, कडेवर बाळ, आणि तीही हाताकडेच बघत होती.

"बघितलंस?" मुलगा बायकोला म्हणाला. त्याला तर लिफ्ट सुरू झाल्याचा आनंद झाला होता. "अगं, आईचा हात आहे तो. डॉक्टर हात टेकायचे तिथे आईचा हात चालायचा."

सून हसली. मनापासून हसली, खोटं कशाला बोला. म्हणाली, "आई, तुम्हाला मुलांचं वेडच आहे, मग ती कुणाची का असेनात." जरा थांबून म्हणाली, "या रविवारी बाळाला आंघोळ तुम्हीच घाला. पायांवर घेऊन, तुमच्या पद्धतीने. मी नुसतं पाणी देते."

म्हातारीने "बरं" म्हटलं, जसं काही कोणी भाजी निवडायला सांगितली होती. सून आत गेल्यावर मात्र डब्यावर वाकून पिल्लांना म्हणाली, "ऐकलंत का रे बाळांनो? रविवारी." तिन्ही पिल्लांना तिने आलटून पालटून पाजलं, फडक्यात उताणं निजवलं, ओळीने, दवाखान्यातल्या पाळण्यांसारखं. काचेपलीकडे चिक् चिक् चालूच होतं. दिवस मावळेपर्यंत चालू होतं. म्हातारीने पडदा ओढला.

सकाळी डबा उघडला तेव्हा एका पिल्लाचं पोट टम्म फुगलं होतं. दुसरं श्वास घेताना आवाज करत होतं. बारीक, टिच् टिच्, नखावर नख वाजवल्यासारखा.

हा आवाज कळायला तिला कोणी सांगावं लागणार नव्हतं. उभ्या जन्मात तिने तो किती वेळा ऐकला होता आणि ऐकल्याबरोबर डॉक्टरांना हाका मारत धावली होती. दूध छातीत उतरलं की तो येतो. तिने पिल्लाच्या नाकाला बोट लावलं तर दुधाचा बुडबुडा आला.

"आई, कशी आहेत?" स्वयंपाकघरातून सुनेने विचारलं.

"झोपलीत," म्हातारी म्हणाली.

असं खोटं ती दवाखान्यात कधी बोलली नव्हती. तिथे वाईट बातमी सांगायची वेळ आली की ती तोंडावर सांगायची, पण पाठीवर हात ठेवून. इथे कुणाच्या पाठीवर हात ठेवणार? तिने पिल्लू पालथं केलं, उलटं केलं, छाती चोळली. दूध आणखी पातळ केलं, वात आणखी बारीक केली, जे येत होतं ते सगळं केलं. आणि पुन्हा उताणं घेऊन पाजायला बसली, कारण पाजणं म्हणजे तेच, दुसरं तिला माहीतच नव्हतं.

मुलगा कामावर जायच्या आधीच टिच् टिच् थांबलं. तिने ते पिल्लू कापसात गुंडाळून स्वेटरच्या खिशात टाकलं. फुगलेलं पिल्लू त्यानंतर थोड्याच वेळाने गेलं. तेही खिशात. सून बाळाला निजवत होती तेवढ्यात म्हातारी गॅलरीत गेली आणि कोरफडीच्या कुंडीतली माती चमच्याने उकरून दोघांना आत ठेवलं. माती दाबताना हात इतका कापत होता की निम्मी माती फरशीवर सांडली. खार वरच्या फांदीवरच होती. पण आता ओरडत नव्हती, नुसती बघत होती.

"आई," मागून सून म्हणाली.

म्हातारीने चमचा खिशात कोंबला.

"ती कालपासून तिथेच आहे हो. सकाळी मी दूध तापवत होते तेव्हा काचेवर आली होती. काच खरवडत होती."

"खायला मागत असेल."

"मला वाटतं, पिल्लं मागतेय." सुनेच्या हातात फोन होता. "प्राणी वाचवणाऱ्या लोकांचा नंबर मिळाला. विचारून बघू? नुसतं विचारू."

म्हातारी नको म्हणेपर्यंत पलीकडून कोणी बाई बोलायलाही लागली होती. कोवळा आवाज, चहाचा घोट घेत घेत बोलावं तसा. सुनेने फोन स्पीकरवर टाकला.

"पिल्लांची आई दिसतेय का आसपास?"

"दिसतेय. समोर फांदीवर बसलीय."

"मग ती अनाथ नाहीत. होती त्या जागी ठेवा, उघड्या खोक्यात, ऊब राहील असं. आणि तुम्ही आत जा. ती एकेक तोंडात धरून नेते. हात लागला म्हणून टाकत वगैरे नाही. काही पाजलं नाहीत ना?"

सुनेने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने कुंडीकडे.

"थोडं... गाईचं दूध."

"अरे देवा. आता नका देऊ. गाईचं दूध त्यांना पचत नाही. आणि उताणं धरून तर कधीच पाजायचं नसतं. जनावराचं पिल्लू पालथं पितं. उताणं पाजलं की सरळ छातीत जातं."

म्हातारी एकदम हसली. सुनेने दचकून पाहिलं. ते हसू नव्हतं, पण तिच्याकडे त्याला दुसरं तोंड नव्हतं. दर नव्या आयेला ऐकवलेला स्वतःचा विनोद तिला आता कोणी अनोळखी पोरगी फोनवरून शिकवत होती.

"किती खारी पाजल्यात म्हणावं तिने?" ती फणकारली. "फोनवर बसून सांगायला काय जातंय? या हातांनी गाव वाढवलाय."

"आई, मी तुम्हाला नाही म्हणत."

"मग कुणाला म्हणतेस? उशा लावून बाळ देतेस ते कुणाला?"

झालं. इतके महिने पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. सून गोरीमोरी झाली. फोनवरची बाई "हॅलो, हॅलो" करत राहिली. सुनेने फोन बंद केला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आत बाळ रडलं आणि ती गेली.

म्हातारी डब्याशी येऊन बसली. एक पिल्लू उरलं होतं. सगळ्यांत लहान, त्याने कालपासून धड काही चोखलंच नव्हतं. हावरट दोघं पोटभर प्यायली आणि गेली, हे उपाशी राहून जगलं. तिने त्याला पालथं केलं. पालथं केल्याबरोबर त्याने पाय पोटाशी घेतले, शेपटी नाकाशी आणली आणि गोल होऊन निजलं, जसं काही इतका वेळ कोणी त्याला नीट झोपूच दिलं नव्हतं.

आता हिशेब उघड होता. डबा बाहेर ठेवायचा तर सुनेला एकच पिल्लू दिसणार. बाकीची दोन कुठे गेली हे सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की रविवार गेला. कुठली आई आपलं पोर अशा हातात देईल? तिने स्वतः तरी दिलं असतं का? डबा आतच ठेवला तर हेही जाईल, पण "खारीची पिल्लं ती, जगत नाहीतच" असं म्हणता येईल, आणि घरात कोणी खोदून विचारणार नाही.

आत सून बाळाला थोपटत होती, आणि थोपटता थोपटता मधेच थांबून हुंदका गिळत होती. तो आवाजही म्हातारीच्या ओळखीचाच. ओल्या बाळंतिणी असंच रडतात, भिंतीकडे तोंड करून.

ती उठली. खिटी काढली. जुना खोका होता त्याच जागी सरकवला, त्यात गरम पाण्याची पिशवी, कापूस, वर पालथं पिल्लू. मग आत येऊन पडद्याआड उभी राहिली.

खार लगेच आली नाही. फांदीच्या टोकापर्यंत आली, परत गेली. पुन्हा आली. कठड्यावर उतरली, खोक्यात शिरली, आणि पिल्लाला तोंडात धरून बाहेर आली, पोटाकडून उचललेलं, पायांची घडी घातलेलं. झाडाच्या ढोलीत नाहीशी झाली.

म्हातारीच्या मागे सून येऊन उभी राहिली होती. बाळ झोपलेलं, खांद्यावर. "नेलं?" तिने हळूच विचारलं.

"नेलं."

"म्हणजे मी नेमकं तिसरं नेताना पाहिलं की काय?" सून म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "दोन आधीच नेली असतील ना? केवढी हुशार! आई, मघाशी मी बोलले त्याचं..."

म्हातारीने सांगायला तोंड उघडलं होतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पण तेवढ्यात खार परत आली.

ती खोक्यात शिरली. कापूस बाहेर उडाला. बाहेर आली, खोक्याभोवती फिरली, परत शिरली. मोजा ओढून काढला, त्याच्या आत नाक घातलं. गेली, फांदीवर बसली, आणि पुन्हा आली. मग कोरफडीच्या कुंडीच्या काठावर चढली आणि मातीचा वास घेत राहिली.

"आता काय शोधतेय?" सुनेने विचारलं.

"काही नाही," म्हातारी म्हणाली. "सवय असते."

खार दुपारभर येत राहिली.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा सुनेने त्याला सगळी कथा दारातच सांगितली, आणि त्याने ती जिन्यात भेटेल त्याला. रविवारपर्यंत साऱ्या इमारतीत झालं होतं की मोठ्या आयेने खारीची तीन पिल्लं मरणाच्या दारातून ओढून आणली आणि आईच्या तोंडात दिली. म्हातारीने त्यातला एकही शब्द खोडला नाही. खोडायचा तर कुठून सुरुवात करणार?

रविवारी सुनेने पाणी काढलं. पाट मांडला, टॉवेल ठेवला, उशी एकही नाही. "आई, या. तुमची वाट बघतेय ही बघा."

बाळ पाटावरच्या टॉवेलवर उताणं पडलं होतं, हातपाय झाडत, छताकडे बघत हसत होतं. इतकं गोड की कुणालाही उचलून घ्यावंसं वाटावं. म्हातारी मोरीच्या उंबऱ्याशी आली. हात खिशात होते. खिशात अजून तो चमचा होता, आणि तिच्या बोटांबरोबर तोही हलत होता.

"तूच घाल गं," ती म्हणाली. "माझे गुडघे धरलेत आज."

"अहो, पण इतके दिवस..."

"तूच घाल म्हटलं ना!"

सुनेला वाटलं, उशांचं अजून मनात आहे. तिचा चेहरा उतरला. तिने बाळ उचललं आणि मोरीचं दार लोटून घेतलं. आतून पाण्याचा आवाज यायला लागला.

तेवढ्यात घंटी वाजली. दारात खालच्या मजल्यावरची शिवणवाली. ओंजळीत हातरुमाल, हातरुमालात एक पोपटाचं पिल्लू, अर्धी पिसं फुटलेली, चोच वासून.

"मोठ्या आया, देवासारख्या तुम्ही घरात आहात म्हणून बरं. खिडकीखाली सापडलं हो. आईबाप टाकून गेले. म्हटलं, तुमच्या हाताला यश आहे. घ्या."

म्हातारीने हात खिशातून काढले नाहीत.

"जिथून उचललंस तिथे उंचावर नेऊन ठेव."

"अहो, पण याची आई..."

"असेल तिथेच. शोधत असेल. तू बाजूला हो म्हणजे येईल. नाहीच आली तर त्या फोनवाल्या लोकांना विचार. सून नंबर देईल."

"निदान दोन थेंब दूध तरी पाजा. सगळे म्हणतात, तुमच्याइतकं..."

"काही पाजू नकोस!" म्हातारी अशी ओरडली की मोरीतला पाण्याचा आवाज थांबला.

शिवणवाली दोन पायऱ्या मागे सरकली. जिना उतरता उतरता ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लोकांनी चढवलं की माणूस असं होतं. एवढ्याशा जिवाची दया नाही."

म्हातारीने दार लावलं. मोरीत पुन्हा पाणी सुरू झालं, आणि बाळ हसलं, आणि सून त्याला काहीतरी गुणगुणून सांगत होती. म्हातारी गॅलरीत जाऊन बसली. कुंडीच्या काठावर खार होती. मातीत तिने एक लहानसा खड्डा उकरला होता.

"हट्," म्हातारी म्हणाली. पण हात काही उगारला नाही.